बापाच्या टेबलावरची पोर

कॅनडातल्या सस्कॅचवान नदीवरच्या वखारीत टॉर्क्विल मॅक्रेनं आपली उभी जवानी बीव्हर प्राण्याची कातडी विकत घेण्यात घालवली, आणि तेवढी सगळी वर्षं तिथल्या आदिवासी क्री लोकांतल्या ओमीमीनं त्याचा संसार केला. नदीचा बर्फ फुटला तसा तो म्हणाला, "मी निघालो स्कॉटलंडला. लग्न ठरलंय तिकडं. तू आता इन्स कारकुनाकडं राहायचंस. बोललोय मी त्याच्याशी."

म्हातारं कुत्रं शेजाऱ्याला देऊन टाकावं तसं बोलला मेला! पण ओमीमीला त्याचं नवल वाटलं नाही. वखारीतले साहेब जाताना असंच करत. तिच्या बहिणीलाही असंच पुढं सरकवलं होतं. ओमीमीचा जीव अडकला होता तो दोघांच्या पोरीत.

"आणि ग्रिझेल?"

"माझ्याबरोबर येईल. माझी बहीण सांभाळेल तिला."

"अहो, तेवढी एक ठेवा मला. इन्सकडं नाही जात मी. भावाच्या तळावर राहू दोघी. पुन्हा तोंड दाखवणार नाही तुम्हाला."

मॅक्रे हसला. "तिलाच विचार की. हो म्हणाली तर ठेव."

ओमीमीला केवढा हर्ष झाला! वेडी बाई. मॅक्रेच्या टेबलावर तिला स्वतःला कधी जेवायला बसू दिलं नाही, पण पोरीला तिनंच हट्टानं तिथं बसवलं होतं. पोर बापाला लळा लावेल, मग तो आपल्याला टाकणार नाही, असं तिला वाटायचं. पोर काटाचमचा शिकली, बापाची भाषा शिकली, आणि जेवताना साहेब लोक तळावरच्या क्री लोकांना काय काय म्हणतात तेही शिकली.

होड्या काठाला लागल्या. ग्रिझेल नवे बूट घालून उभी होती.

"येतेस मामाकडं, माझ्याबरोबर?" ओमीमीनं विचारलं.

पोरीनं नाक मुरडलं. "मामाकडं? शी! घाण वास येतो त्या लोकांना."

वल्हेकरी खदाखदा हसले. ओमीमीनं तिची शाल सारखी केली.

होडीत चढता चढता ग्रिझेल वळली. "आई, बाबा म्हणालेत, तिकडं कुणी विचारलं तर आई मेली म्हणून सांगायचं. सांगू ना गं?"

पोरीच्या मनात काही पाप नव्हतं. ओमीमीनं मॅक्रेकडं पाहिलं. तो पाईप पेटवत होता.

"सांग," ती म्हणाली. "तापानं गेली म्हण. आणि सांगताना थोडं रड बाई, नाहीतर कुणाला खरं वाटायचं नाही."

"बरं," ग्रिझेल म्हणाली.