काचेवर काय भरवसा?

व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या काचेच्या भट्ट्या ऑगस्टच्या सुट्टीत विझतात, म्हणून बोर्तोलोनं आपले मूतखडेही ऑगस्टमध्येच काढून घ्यायचं ठरवलं. खडे दोन्ही मूत्रपिंडांत होते, डावीकडे एक मोठा आणि उजवीकडे दोन बारके. जन्मभर भट्टीच्या तोंडाशी उभं राहून काच फुंकायची, घामानं निथळायचं आणि पाण्याऐवजी कॉफी नाहीतर पेलाभर वाइन घ्यायची, त्याचाच हा प्रसाद. औषधांनी खडे थोडे झिजले, पण गेले नाहीत. जूनमध्ये कळ आली तेव्हा फुंकनळीच्या टोकाला भलीमोठी फुलदाणी होती. ती खाली पडली आणि तिच्या शेजारी बोर्तोलोही.

तेव्हापासून त्याचा साथीदार सांते त्याच्याशी फार मायेनं बोलू लागला होता. "दादा, तुम्ही आराम करा. सप्टेंबरात मी बसतो तुमच्या बाकावर." हे ऐकलं की बोर्तोलोच्या पोटात खड्यांशिवायही कळ उठायची. मुख्य उस्तादाच्या त्या बाकावर सांते एकदा बसला असता तर त्याला उठवायला क्रेन आणावी लागली असती. म्हणजे भट्टी पेटायच्या आत दोन्ही बाजू मोकळ्या व्हायला हव्या होत्या, त्याही एकाच खेपेत.

"जमेलही," डॉक्टर इलारिया देस्त्रो म्हणाल्या. "आधी डावी बाजू करते. तिलाच फार वेळ लागला, तर उजवी ऑक्टोबरात."

"ऑक्टोबर नको, डॉक्टरबाई."

"ते तुमचा खडा ठरवील."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. कुठंही कापायचं नव्हतं. लघवीच्या वाटेनं एक बारीक, टोकाशी वळणारी दुर्बीण थेट मूत्रपिंडापर्यंत न्यायची, तिच्या पोटातून केसासारखा धागा सारायचा, त्या धाग्यातून लेसरचा प्रकाश सोडायचा आणि खड्याचा भुगा करायचा.

"धागा कशाचा?" बोर्तोलोनं विचारलं.

"काचेचा."

बोर्तोलो उठला आणि त्यानं टोपी घातली. "चल, नीवेस."

"कुठं?" त्याची बायको जागची हलली नाही.

"काच माझ्या आत शिरून वळणार म्हणे! बाई, मी काचेबरोबर संसार केलाय. तिचा काय भरवसा? समोर झळकते आणि पाठ वळली की तडकते."

"तुझ्याबद्दलही लोक हेच म्हणतात," नीवेस म्हणाली. "बस खाली."

डॉक्टरबाईंनी ड्रॉवरमधून एक वापरून झालेला धागा काढून त्याच्या हातात दिला. बोर्तोलोनं तो वाकवला, बोटाभोवती गुंडाळला, वेटोळं आणखी लहान केलं. धागा मोडेना.

"नाताळात झाडावर टांगायला काचेची तार ओढतोस ना? ती वाकतेच की," नीवेस म्हणाली.

"ती बारीक असते म्हणून."

"आणि हा काय, वासा आहे?"

बोर्तोलोनं धागा पुन्हा बोटावर वळवला. जाड कांडी वाकवली की बाहेरच्या अंगाला ताण बसतो आणि ती तुटते. धागा जितका बारीक, तितका तो ताण कमी. त्याच्या हातांना हे केव्हाचं ठाऊक होतं, डोक्याला कुणी कळवलं नव्हतं. तरी हार मानायची नाही म्हणून त्यानं नीवेसचा हात ओढला, तिच्या अंगठीतल्या हिऱ्यानं धाग्याच्या उघड्या टोकाला ओरखडा काढला आणि वाकवलं. टक्‌!

"बघा! मोडला!"

"तुमच्या आत हिरे नाहीत ना?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"असते तर काढायला आलो असतो का?"

"मी घेऊन आले असते," नीवेस म्हणाली.

ठरल्या दिवशी पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केला. बोर्तोलो टक्क जागा होता. पडद्यावर गुलाबी गुहा दिसत होती आणि तिच्यात एक पिवळसर दगड खालीवर डुलत होता.

"उस्ताद, तुम्ही श्वास घेता तसा खडा हलतोय. मला नेम धरू द्या. जरा हलका श्वास घ्या."

हलका श्वास हाच तर त्याचा धंदा. नळीच्या टोकाला मऊ काच असताना घेतो तसा, छाती न हलवता, त्यानं नाकानं इवला इवला श्वास सुरू केला. दगड जवळजवळ जागी थांबला. प्रकाशाची ठिणगी उडाली आणि भुगा धुरासारखा उसळला.

"कडेनं घ्या, कडेनं," बोर्तोलो कुजबुजला.

"कडेनंच घेतेय. ही भट्टी माझी आहे, उस्ताद."

मोठा खडा भुगा होऊन वाहून गेला. डॉक्टरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. बोर्तोलोनं त्यांच्याकडे.

"चला, उजवीकडे."

उजवीकडचा पहिला खडा पटकन फुटला. दुसरा मात्र सगळ्यात खालच्या कप्प्यात दडून बसला होता. दुर्बीण वळता वळता जवळजवळ उलटी झाली. डॉक्टरबाईंचा हात थांबला.

"इथं धागा फारच वळतोय," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या.

"मोडेल?"

"मोडू शकतो."

"मी म्हटलं नव्हतं?" एवढं बोलून बोर्तोलोच्या लक्षात आलं, की आपण बरोबर ठरलो तर सांते बाकावर बसतो. "नाही, नाही, नाही मोडणार! चांगली काच आहे. मी स्वतः पाहिलीय."

"बोलू नका. श्वास."

त्यांनी धागा बाहेर घेतला आणि त्याच वाटेनं तारेची एक चिमुकली जाळी आत सारली. जाळी उमलली, खड्याजवळ गेली, चुकली, पुन्हा गेली. बोर्तोलोनं श्वास घेणंच थांबवलं. जाळी मिटली. तिच्यात अडकलेला खडा वरच्या प्रशस्त कप्प्यात आणून ठेवला, तिथं धाग्याला वळायची गरजच नव्हती, आणि तिथं त्याचाही भुगा झाला.

"संपलं. दोन्ही बाजू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोन बारीक नळ्या आत ठेवल्यात. त्या काही दिवसांनी काढल्या, की खुशाल फुंका. पण भट्टीजवळ पाण्याची बाटली हवी."

"पाणी? भट्टीपाशी? लोक हसतील!"

"हसू देत."

संध्याकाळी खाटेवर पडल्या पडल्या त्यानं नीवेसकडून फोन मागून घेतला.

"सांते? हो, दोन्ही झाल्या. हो, एकाच खेपेत. रडतोस काय रे, आनंदानं ना? ऐक, सप्टेंबरात माझा बाक पुसून ठेव. बसायचं नाही, नुसता पुसायचा."