अकरा काळ्याभोर चिमण्या

बाटलीतली तयार शाई माझ्या वर्गात चालत नाही. जपानी पद्धतीचं चित्र काढायचं तर शाईची कांडी दगडावर थेंबभर पाण्यात घासत बसायचं, काळीभोर शाई होईपर्यंत. पाच-सहा वर्षांच्या पोरांना एवढा धीर कुठला? दोनदा घासलं की ब्रश बुचकळून मोकळी! मग कागदावर चिमण्या उमटतात त्या फिकट, महिनाभर तापाने फणफणल्यासारख्या, आणि माझं डोकं फिरतं.

त्या दिवशी मात्र आमची तोफ गप्प होती. ही मुलगी वर्ग दणाणून सोडते, म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. जीभ बाहेर काढून ती नुसती कांडी घासत होती. थोड्या वेळाने शेजारणीने तिच्या शाईत हळूच ब्रश बुडवला. मग दुसरीने. मग रांगच लागली. ब्रश आला की तोफ हात बाजूला घेई आणि पुन्हा घासायला लागे. मी मुद्दामच काही बोलले नाही.

तास संपला आणि तिची आई आली. तोफेचा कागद कोराच्या कोरा.

"अगं, तासभर केलंस तरी काय? आणि बाई, तुम्हीसुद्धा काही म्हणाला नाहीत?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोफेने काळं बोट वर केलं. दोरीवर चिमट्यांना अकरा चिमण्या वाळत होत्या.

"आई, त्यातलं काळं आहे ना, ते सगळं माझं."