झिपरीच्या केसांखाली

मित्रांनो, मानेमागून थंडगार काहीतरी घुर्रर्र करत वर सरकलं की तुम्ही खांदे आक्रसून घेता ना? ते थंडगार काहीतरी म्हणजे मी! मी केस कापायची एक जुनी मशीन आहे. कारखान्यात माझ्या दात्यांना धार लागली आणि तिथून मी थेट दोन खुर्च्यांच्या एका दुकानात आले. अकरा वर्षं राबले. शाळेच्या पहिल्या दिवसाची डोकी, नोकरीच्या मुलाखतीची डोकी, बोहल्यावर चढणारी डोकी! मग माझा आवाज घोगरा झाला, बिनवायरची नवी मशीन आली आणि माझी रवानगी खणात झाली. वाटलं, संपलं आपलं.

पण खरी धमाल पुढेच होती!

दुकान बापलेकीचं. बाबांचा हात इतका हलका, की डुलकी लागलेलं गिऱ्हाईक जागं होत नसे. हट्ट मात्र तितकाच जड. ताई कमी बोलायची, पण तिच्या नजरेतून काही सुटत नसे. आणि दाराशी पसरलेली असायची त्यांची कुत्री, झिपरी. अख्ख्या गल्लीचे केस कापणाऱ्यांच्या घरची ही कुत्री स्वतः डोळ्यांवर झुलपं घेऊन फिरायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा!

एका सकाळी झिपरी लंगडत आली. मागच्या पायावर तारेचा ओरखडा होता, केस रक्ताने चिकटले होते.

"स्पिरिट ओता, झटक्यात सुकेल," शेजारचा बेकरीवाला म्हणाला.

"आधी तुमच्या खरचटलेल्या कोपरावर ओतू का?" ताई म्हणाली आणि तिने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. फोन ठेवता ठेवताच तिने खण उघडला. मी बाहेर!

माझी घुरघुर ऐकताच झिपरी खुर्चीखाली. मग ताईने मला लांबूनच चालू केलं, झिपरीला खाऊ दिला, मला जरा जवळ आणलं, पुन्हा खाऊ दिला. "आपलीच आहे, पण दुखलं की चावेलही," म्हणत बाबांनी तिच्या तोंडाला मऊ पट्टी बांधली. कापलेले केस जखमेत जाऊ नयेत म्हणून ताईने जखमेवर डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं पातळ जेल लावलं. आणि मी धावले! मग उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने धुणं, स्वच्छ कापडाने हलकेच टिपणं, आणि चाटू नये म्हणून गळ्यात मोठी कॉलर. पाच दिवसांत जखम भरली.

बाबांची छाती फुगली. "डॉक्टर तरी वेगळं काय करतात?"

महिन्याभराने, भर दुपारी, गल्लीच्या टोकाला कुत्र्यांची जुंपली. झिपरी शेपूट हलवतच परत आली. मानेवर रक्ताचा एकच ठिपका. बाबा एका गिऱ्हाइकाची दाढी करत होते.

"पूस आणि सोड," ते वळूनसुद्धा न पाहता म्हणाले.

"बाबा, चावा आहे तो."

"अगं, मुंगीएवढा तर आहे!"

"केस तरी काढून बघा."

पुटपुटत बाबांनी मला उचललं. केसांचा पहिला झुपका खाली पडला आणि दाताचं एक भोक दिसलं. दुसरा पडला, आणखी एक! जबड्याखाली तिसरं. त्याच्याभोवतीची कातडी आतून सुटून पिशवीसारखी हलत होती. बाबांनी माझा प्लग उपटला.

"चल पोरी, दवाखान्यात!"

"आणि माझी दाढी?" गिऱ्हाईक ओरडलं. मग त्याने झिपरीकडे पाहिलं, गळ्यातला टॉवेल भिरकावला आणि म्हणाला, "मरू दे दाढी, माझी गाडी बाहेरच आहे!"

अर्ध्या गालावर साबणाचा फेस घेऊन तो सुसाट निघाला. झिपरी ताईच्या मांडीवर, आणि मी? बाबा मला खाली ठेवायलाच विसरले होते!

डॉक्टरीणबाईंनी जखमा आतपर्यंत धुतल्या, टाके घातले, रेबीजचं इंजेक्शन दिलं. "चाव्याची भोकं वरून लगेच मिटतात आणि आत पू साठतो," त्या म्हणाल्या. "चावा असेल, जखम खोल किंवा डोळ्याजवळ असेल, दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, तर घरी वेळ घालवू नका. आणि माणसांच्या गोळ्या तर अजिबात द्यायच्या नाहीत." मग त्या वाकून म्हणाल्या, "पण केस किती सफाईने काढलेत! एक ओरखडा नाही."

प्लग लावलेला नव्हता, नाहीतर मी तिथेच घुरघुरले असते!

झिपरी बरी झाली. मी आता फक्त कुत्र्यांचीच. काम झालं की ताई माझे दाते जंतुनाशकाने पुसते, तेल घालते. परवा इस्त्रीवाल्या मावशी आपलं पिल्लू घेऊन आल्या. बाबांनी चार झुपके काढले. खाली दाताचं भोक दिसताच मला बंद केलं.

"मावशी, माझं काम इथवर. आता डॉक्टरीणबाईंकडे."

"अहो, पण टाचणीएवढं तर आहे!"

"असू दे. मला कळत नाही त्यातलं," बाबा म्हणाले आणि पिल्लाला स्वतःच उचलून घेतलं.

मित्रांनो, हे वाक्य बोलताना त्यांना जराही कमीपणा वाटला नाही. तुमच्या मुक्या सोबत्याला सांगता येत नाही, किती आणि कुठे दुखतंय ते. तेव्हा तुम्हीच हळूच केस बाजूला करून बघा. आणि शंका आली, तर पळा!