बाळांच्या काट्यावर खोकी

मित्रांनो, बाळांची वजनं करणारा एक जुना काटा, तो मी. वर निळं पसरट ताट, खाली गोल तबकडी आणि तिच्यात लाल सुई.

आखाती देशातल्या रिफा शहरातल्या एका क्लिनिकमध्ये मी कित्येक वर्षं काम केलं. बाळं रडायची, पाय झाडायची, कधी मला ओलंही करायची. सुई स्थिर झाली की आया श्वास रोखून माझ्याकडे बघायच्या. मी दाखवेन ते खरं, असा त्यांचा विश्वास होता, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

मग आकडे उजळणारे नवे काटे आले. तिथली नर्स ग्लेनिस मूळची वसईची; तिने मला घरी नेलं. गुदैबियातल्या तिच्या फ्लॅटमध्ये 'पाळणा' या छोट्या संस्थेचं काम चाले. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मिस्सानंतर, ख्रिस्ती मंडळी जमायची आणि मलावीतल्या एका अनाथाश्रमासाठी कपडे, दूध पावडर खोक्यांत भरायची. आश्रमाला लागूनच गावातल्या गरिबांसाठी दवाखाना होता. ज्या बाळाचं वजन कमी भरे, त्याला तिथे शेंगदाण्याचा पौष्टिक खाऊ मिळे. त्या दवाखान्याच्या शेजारच्या गावातल्या नव्या शाखेला मला द्यायचं ठरलं. मी हरखून गेलो.

पण विमानाने जाणाऱ्या खोक्यांचं वजन करायला घरात दुसरं काही नव्हतं.

"हा आहे की काटा!" मेल्विन म्हणाला. तो झल्लाकच्या हॉटेलात कामाला होता आणि खोकी बांधण्यात पटाईत होता.

"अरे, बाळांचा आहे तो," ग्लेनिस म्हणाली.

"मग खोकी काय माझी आहेत? बाळांचीच ना! यल्ला, चल, धर त्या बाजूने."

सगळे हसले. ग्लेनिसनेही खोकं उचलून माझ्यावर ठेवायला हात लावला. माझी सुई तबकडीच्या टोकाला जाऊन आदळली. "जड झालं, थोडं काढा," असं म्हणत त्यांनी तेच खोकं पुन्हा ठेवलं, मग दुसरं, मग तिसरं. माझ्या आतली एक पट्टी वाकली. त्यानंतर रिकामा असताना मी शून्यच दाखवायचो, पण ओझं आलं की खऱ्यापेक्षा जास्त. मला बोलायला एक सुईच होती, आणि तीच खोटं बोलू लागली होती.

मला बांधण्याआधी संस्थेला बाळासोबत माझा फोटो हवा होता. हॅन्सेल आणि लीना या जोडप्याची तान्ही मुलगी माझ्या ताटात बसवली.

"अरे देवा," लीना म्हणाली, "काल क्लिनिकमध्ये सहा किलो भरली होती. आज सात?"

"वसईची सुकेळी तिलाच चारलीस वाटतं, मला एकही दिलं नाहीस!" हॅन्सेल म्हणाला.

ग्लेनिस मात्र हसली नाही. तिने स्वयंपाकघरातून साखरेची पाच किलोची न फोडलेली पिशवी आणली आणि माझ्यावर ठेवली. सुई सहाच्या जवळ गेली.

"थोडा फरक आहे गं," मेल्विन हळूच म्हणाला. "तिथे काहीच नाही. काही नसण्यापेक्षा बरं."

"काही नसतं, तर नर्सने बाळाचा दंड तरी चाचपून पाहिला असता. काटा 'ठीक' म्हणाला की ती त्याला खाऊ न देताच घरी पाठवेल." मग ती खुर्चीत बसली. तिचा चेहरा उतरला. "मेल्विन, मागच्या वर्षी मूळ दवाखान्याला पाठवला, त्या काट्यावरही आपण खोकीच मोजली होती ना?"

मेल्विनने होकारार्थी मान हलवली. ग्लेनिसने मलावीचा दवाखाना सांभाळणाऱ्या सिस्टर सॅब्रिनांना फोन लावला. त्याही वसईच्याच.

"सिस्टर, मागच्या वर्षीचा काटा वापरू नका. तो जास्त दाखवत असणार. आम्हीच बिघडवला."

"तरीच," सिस्टर म्हणाल्या. "आया रडून सांगायच्या, बाळ वाळत चाललंय. आणि मी काट्याकडे बोट दाखवून त्यांनाच रागवायचे गं." मग त्या सावकाश म्हणाल्या, "परत पाठवलेल्या बाळांना उद्या बोलावते. जी येतील ती."

त्या खोलीत कुणी मान वर केली नाही. मलाही माझं गोल तोंड कुठे लपवू असं झालं. माझ्याच जातीचा एक काटा तिकडे वर्षभर भुकेल्या बाळांना 'ठीक' म्हणत होता, आणि मी त्याच वाटेने निघालो होतो.

आता मी बाल्कनीत पडून आहे. माझ्यावर 'वापरू नये' अशी चिठ्ठी आहे, आणि ती योग्यच आहे. मित्रांनो, दुसऱ्याला द्यायची वस्तू जपून वापरा, आणि देण्याआधी तपासून पाहा. आपल्या बाळासाठी जी चालणार नाही, ती त्यांच्यासाठीही बांधू नका. दूरच्या बाळाला तक्रार करता येत नाही.