दातांतलं विष

दर रविवारी त्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नसायची. स्टेजवर पांढऱ्या कोटातला एक गोडबोल्या माणूस उभा असायचा. लोक त्याला दंतगुरू म्हणत. तो एकेकाला खुर्चीत बसवायचा, बॅटरीच्या ब्रशला चिमूटभर मंजन लावून दात घासून द्यायचा आणि चूळ ग्लासातल्या नितळ पाण्यात टाकायला लावायचा. पाणी काळंकुट्ट व्हायचं.

"हे वर्षानुवर्षं साठलेलं विष," तो म्हणायचा. "दातांच्या फटीत दोरा घालून हे निघत नाही, मायबाप. माझ्या ब्रशच्या लहरी थेट हाडापर्यंत जातात."

गुडघेदुखीपासून सुनेच्या रागापर्यंत सगळं तो त्या विषाच्या माथी मारायचा आणि ब्रश हातोहात खपायचे.

माझ्या दवाखान्याच्या वर राहणाऱ्या मावशी एकही रविवार चुकवत नसत. टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या, यजमान गेलेले, मुलगी परदेशात. एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा हिरड्या सुजून लाल झाल्या होत्या. मी दातांची डॉक्टर, विचारल्यावाचून राहवेना. दंतगुरूंनी दोरा बंद करायला सांगितलाय आणि हिरड्यांतून येणाऱ्या रक्तावाटे विष बाहेर पडतंय, असं मावशींनी सांगितलं. त्यांच्याकडचं मंजन मी चाखून पाहिलं. तोंड तुरट झालं आणि मला शंका आली.

पुढच्या रविवारी मी प्लास्टिकची कोरी करकरीत कवळी घेऊन गेले. माझी पाळी आल्यावर ती पुढे केली आणि आधी हिचं विष काढा म्हटलं. त्यानं आढेवेढे घेतले, पण लोकांनाच गंमत वाटली, घासाच म्हणाले. घासलेली कवळी ग्लासात बुडवली आणि पाणी काळं झालं.

"प्लास्टिकला कुठलं विष?" मी विचारलं.

मग मी त्याच्या मंजनाची चिमूट त्याच्याच दुसऱ्या ग्लासातल्या नितळ पाण्यात टाकली. दात नाही, ब्रश नाही, तरी पाणी काळं. मग लोकांना समजावून सांगितलं: मंजनात हिरड्याची, त्रिफळा चूर्णातल्या त्या तुरट फळाची पूड आहे आणि पाण्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार विरघळवलाय. दोन्ही एकत्र आले की शाई होते. पूर्वी लिहायची शाई अशीच करत.

हॉल रिकामा झाला. मावशी तेवढ्या बसून राहिल्या.

"मला संशय होताच गं," त्या हळूच म्हणाल्या. "पण तो हनुवटी धरून 'कशा आहात' विचारायचा. आठवडाभरात तेवढंच कोणीतरी विचारायचं."

दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात बोलावून दात साफ करून दिले. बॅटरीचा ब्रश वाईट नाही, आखडलेल्या बोटांना सोयीचाच, म्हटलं. त्याचे केस मऊ हवेत, डोकं लहान हवं, जोर पडला की इशारा देणारा असेल तर उत्तम. लहरींचे पैसे मोजायची गरज नाही. दोऱ्याबद्दलचे पुरावे काही फार भक्कम नाहीत, पण फटीत ब्रश पोचत नाही आणि अशा हिरड्यांना रोज दोरा किंवा बारीक फटीचा ब्रश फिरवलेला बरा.

हिरड्या भरून आल्या. मावशी अजून येतात, तेच प्रश्न विचारतात. मी तीच उत्तरं देते.

कोणी डोळ्यांदेखत चमत्कार केला, तर भारावून जाऊ नका. तेच दातांशिवाय करून दाखव, म्हणा. आणि आपलं माणूस अशा खुर्चीत जाऊन बसण्याआधी त्याची विचारपूस करा.