तळघरातल्या भट्टीचा लाल दिवा

मित्रांनो, भट्टी म्हटलं की तुम्हाला लोहार आठवेल, नाहीतर चणे-फुटाणे. मी तसली नव्हे हो! कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या सपाट मैदानात एक लाकडी घर आहे, त्याच्या तळघरात पत्र्याच्या कपाटासारखी उभी असलेली, वयानं पिकलेली घरभट्टी ती मी. बाहेर उणे पस्तीस असतं, तेव्हा वरच्या सगळ्या खोल्यांत मी ऊब धाडते. पोटात गॅसच्या ज्वाळा आणि पाठीशी एक पंखा, एवढाच माझा संसार.

कारखान्यातून निघाले ती मालमोटारीतून कितीतरी दिवस नुसतं बर्फच बघत आले. घरमालक ओलेक्सानं भावांच्या मदतीनं मला दोरखंडानं तळघरात उतरवलं. पहिल्यांदा पेटले तेव्हा माझी मीच हरखून गेले! एक ठिणगी काय उडते आणि निळ्या ज्वाळांची रांगच्या रांग काय उभी राहते! वर ओलेक्साची बायको ओडार्का जमिनीतल्या जाळीवर हात धरून बसली होती. "अगोबाई! सरपण नाही, राख नाही, आणि ऊब बघा कशी येतेय!" म्हणत तिनं छातीवर क्रूस काढला. तेव्हापासून ती मला 'बाई' म्हणते. कुणी पाहुणा आला की कौतुकानं सांगते, "आमची बाई कधी दगा देत नाही."

पुढे इकडचे उन्हाळेही तापायला लागले, म्हणून माझ्या डोक्यावर गारव्याची पेटी बसवली. त्या पेटीत एक सेन्सर आहे. दोन बारीक तारा आणि टोकाला तांदळाएवढा दाणा. पेटी किती गार झाली ते हा दाणा मला कळवतो, म्हणजे तिच्यावर बर्फ साचत नाही. एवढासा जीव, ना डोळे ना तोंड, पण गारठा कसा अचूक ओळखतो! इतकी वर्षं झाली, माझं नवल अजून सरत नाही. त्याचा निरोप येईनासा झाला की माझ्या दाराच्या काचेमागचा, एरवी स्थिर असणारा लाल दिवा एका ठरावीक चालीत लुकलुकतो. कुठल्या चालीचा अर्थ काय, ते दाराच्या आतल्या बाजूला छापलेलं आहे.

ओलेक्सा वारला आणि ओडार्का एकटी उरली. तिची लेक लेस्या सास्काटून शहरात राहते. आईच्या काळजीनं तिचा जीव टांगणीला लागलेला असायचा. शेवटी तिनं आईकडून कबूल करवून घेतलं, की भट्टी बिघडली तर मात्र घर सोडायचं आणि मुकाट शहरात यायचं. म्हणजे म्हातारीचं घर माझ्याच जिवावर उभं होतं.

यंदा हिवाळ्याआधीच त्या दाण्याचा निरोप थांबला आणि दिवा लुकलुकू लागला. ओडार्काला वाटलं, असेल काहीतरी. घर तर छान ऊबदार होतं.

नाताळच्या पवित्र संध्याकाळी लेस्या आणि तिचा नवरा ग्लेन आले. वर त्यांच्या रिवाजातल्या बारा पदार्थांची धांदल चालली होती. टेबलावर ओलेक्साच्या नावाचं रिकामं ताट मांडून झालं होतं. लेस्या लोणच्याची बरणी न्यायला खाली आली आणि माझ्याकडे बघून जागच्या जागी थबकली.

"ग्लेन! अरे, भट्टीवर लाल दिवा लुकलुकतोय! गॅस आहे तो, बंद कर आधी!"

खट्ट! ग्लेननं बटण दाबलं. ज्वाळा विझल्या, पंखा थांबला. त्या गारठ्याची काय ताकद सांगू! घटकाभरात तो भिंतींतून आत झिरपला. वर पिठाचा गोळा फुगायचा थांबला. ओडार्का कोट चढवून खाली आली.

"आई, आवर. बर्फाचं वादळ येतंय, रस्ता बुजायच्या आत निघू. तू कबूल केलंयस."

"आणि हे जेवण? बाबांचं ताट मांडलंय वर."

"आई, हट्ट नको ना गं! भट्टी मेलीय."

"मेली? अगं, मघाशी तुझ्या अंगात नुसता झगा होता, घाम पुसत होतीस! मेलेली बाई घर तापवते होय गं?" ओडार्काचा आवाज चिरकला. "डॉक्टरसुद्धा आधी विचारतो, कुठं दुखतंय. तुम्ही थेट तिरडीच बांधायला घेतलीत!"

ग्लेनला हसू आलं. "सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे. विचारून तर बघू."

त्यानं क्षणभर बटण चालू करून दिव्याची चाल पाहिली आणि पुन्हा बंद केलं. लेस्यानं माझं दार उघडून आतला मजकूर विजेरीच्या उजेडात वाचला. वाचता वाचता तिच्या कपाळावरची आठी उलगडली.

"गारव्याच्या पेटीचा सेन्सर! अरे, हे तर उन्हाळ्याचं दुखणं आहे. उबेशी त्याचा काही संबंधच नाही!"

विजेरीचा झोत तारांवरून वर चढत गेला आणि तिथं काय दिसावं? सेन्सरच्या तारांवर दोऱ्यात ओवलेल्या वाळक्या अळंबीच्या लांबच लांब माळा! त्यांच्या ओझ्यानं तार खाचेतून निसटली होती. चुलीच्या काळी इथल्या बायका चुलीवर माळा टांगायच्या. ओडार्कानं तोच रिवाज माझ्या डोक्यावर चालवला होता.

"आई!"

ओडार्कानं तोंडावर हात ठेवला. "ऊब तिथंच असते, म्हणून टांगल्या. तुला माझी अळंबीची आमटी आवडते ना..." तिला वाटलं, लेक आता म्हणणार, बघ, तुला एकटं ठेवण्यात अर्थ नाही. मलाही तीच धास्ती होती.

पण लेस्यानं माळा अलगद काढल्या, ग्लेननं तार खाचेत घट्ट बसवली आणि बटण दाबलं. दिवा स्थिर झाला. ठिणगी उडाली, निळी रांग उभी राहिली आणि मित्रांनो, पहिल्या दिवशी वाटलं होतं तेवढंच नवल मला पुन्हा वाटलं!

लेस्यानं हातोडी मागितली. माझ्यापासून हातभर लांब, तुळईत तिनं एक खिळा ठोकला आणि काढलेल्या माळा त्यावर अडकवल्या.

"पुढच्या वर्षीच्या माळा इथं टांगायच्या. बाईच्या डोक्यावर नाही."

"पुढच्या वर्षी?" ओडार्कानं हळूच विचारलं.

"मग! आमची अळंबी कोण वाळवणार, शेजारी?"

ओडार्कानं कोट काढून ग्लेनच्या हातात दिला आणि पदार्थ निवतायत म्हणून ओरडत ती जिना चढली.

मित्रांनो, एखादं जुनं यंत्र लुकलुकायला लागलं, तर भीती वाटणारच. बंद करायचं तर खुशाल करा. पण ते निकामी झालं असं ठरवण्याआधी त्याला एकदा विचारा, बाई, कुठं दुखतंय? जुन्या माणसांनाही तसंच विचारत जा. आम्ही सांगत असतो हो, फक्त आमची चाल निराळी असते.