एक ओहम

बत्तीस वर्षं तिच्या बाबांनी लोकांच्या गाड्यांत सबवूफर, म्हणजे दणका देणारे मोठे स्पीकर, बसवले. गाडी ताब्यात देण्याआधी काचा बंद करून स्वतः आत बसायचे आणि आवाज तपासायचे. आई म्हणायची, "कानांना जरा सुट्टी द्या." बाबा म्हणायचे, "कान कुठे पगार मागतात?" साठीला डावा कान गेला, दोन वर्षांत उजवाही. कानाचं यंत्र लावून पाहिलं, त्यात नुसती खरखर. आई तोवर वारली होती, त्यामुळे 'बघा, मी सांगत होते' म्हणायचं तिचं राहूनच गेलं.

दुकान लेकीकडे आलं. काम बाबांनीच तिला शिकवलं होतं. आता ती वहीत लिहायची आणि बाबा तोंडानं उत्तर द्यायचे, तेही ओरडून, कारण आपला आवाज केवढा होतोय हे त्यांना कळायचं नाही.

एका सकाळी ते म्हणाले, "माझ्या गाडीत दोन मोठे बसव, मागच्या सीटला चिकटून. कानानं नाही तर नाही, पाठीनं ऐकेन."

तिला नाही म्हणवेना. दुकानात दोन सबवूफर पडून होते, प्रत्येकात चार-चार ओहमच्या दोन कॉइल, म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी. ते वाजवणारा अँप्लिफायर, म्हणजे अँप, जुना, दोन ओहमच्या खाली न झेपणारा. ओहम म्हणजे वाटेतला अडथळा. तो जितका कमी, तितका अँप जास्त करंट सोडतो; दणका वाढतो, तसा तापही. चारही कॉइल पॅरलल, म्हणजे समांतर, जोडल्या तर एकच ओहम उरतो, आणि इतक्या जुन्या अँपला वेळेवर बंद पडण्याची अक्कल नसते. तिने वायरी फिरवून चार ओहमवर जोडणी केली.

बाबा मागे टेकून बसले. तिने त्यांचं आवडतं गाणं लावलं आणि वही पुढे धरली: 'लागतंय?'

"शेजारच्या घरात कुणीतरी पलंग सरकवतंय."

दुपारी तिने एक सबवूफर काढून टाकला आणि उरलेल्याच्या दोन्ही कॉइल पॅरलल केल्या. बरोब्बर दोन ओहम. अँपला हवं होतं तेवढंच.

"आता पलंग आपल्या घरात सरकतोय," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळानं, "गाणं कुठाय पण? दुसरा परत लाव. एक ओहम कर."

'अँप जळेल. तुम्हीच शिकवलंत.'

"शिकवलं मीच ना? मग मोडतोही मीच."

तिने वहीत 'नाही' लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी ती केबल आणायला बाजारात गेली. परतताना कोपऱ्यावरच कॉइलवरच्या जळक्या वॉर्निशचा वास आला. तो वास तिला झोपेतही ओळखता आला असता. ती धावत सुटली. गाडी दुकानामागच्या मोकळ्या जागेत होती, काचा बंद. दुसरा सबवूफर परत बसवलेला, फ्यूज उडू नये म्हणून अँपला मोठा घातलेला. सीटच्या पाठीमागून करडा धूर वर येत होता आणि बाबा त्याच सीटला पाठ लावून बसले होते. आवाज केव्हाच बंद पडला होता.

तिने आधी बॅटरीची वायर उपटली, मग त्यांना काखेत हात घालून बाहेर ओढलं. सीटच्या कापडाला ताटाएवढं भोक पडलं होतं. बाबा पायरीवर बसून बराच वेळ खोकत राहिले. तिने पाणी दिलं. मग वहीत लिहिलं: 'जीव गेला असता.'

"पूर्ण गाणं वाजलं गं," ते म्हणाले. पहिल्यांदाच हळू बोलत होते. "पाठ, बरगड्या, दाताची मुळंसुद्धा हलली."

तिला वाटलं, निदान एवढं तरी मिळालं.

"पण ते गाणं नव्हतं. ओळ कुठे सुरू होते, कुठे संपते, काही पत्ता नाही. बाई गातेय की पुरुष, तेही कळेना. मी नुसता हादरत होतो. खडी भरलेल्या ट्रकमध्ये बसलं तरी तेवढंच होतं." त्यांनी तोंड पुसलं. "परत लावलं. म्हटलं, माझंच लक्ष नसेल. दुसऱ्यांदाही तेच. मग बंदच पडलं."

तिने लिहिलं, 'धूर दिसला नाही?'

"दिसला."

'मग उतरला का नाहीत?'

बाबांनी ते वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. मग वही हळूच मिटली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

चारही कॉइल कोळसा झाल्या होत्या. तिने सगळं भंगारात दिलं. बाबा अजून दुकानात येतात, वायरींची टोकं सोलून देतात. हात तसाच सफाईदार आहे. एखादं जुनं गिऱ्हाईक गाडीत गाणं लावून त्यांच्याकडे बघतं, तेव्हा ते हसून मान डोलावतात.

त्यांच्या गाडीची किल्ली तिने लपवून ठेवली आहे. मागितली तर काय सांगायचं, हेही तिने ठरवून ठेवलंय. पण त्यांनी ती अजून एकदाही मागितलेली नाही, आणि तिला भीती वाटते ती त्याचीच.